विधवा, माता आणि संत : एलिझाबेथ सीटन यांचे चरित्र

महोत्सवाच्या स्मरणिकेत देवळाच्या पायाभरणीचा, घंटेचा आणि होऊन गेलेल्या धर्मगुरूंचा वृत्तांत यावा, हे योग्यच आहे. परंतु दर रविवारी देवळाच्या बाकांवर जी माणसे येऊन बसतात त्यांच्या अंतःकरणात काय चाललेले असते, याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. कोणाचा धंदा बसलेला असतो. कोणाच्या घरी असाध्य दुखण्याने अंथरूण धरलेले असते. कोणाचा मुलगा बोटीवर नोकरीस जातो आणि आठवडेच्या आठवडे त्याची खबर येत नाही. कोणा बाईच्या कपाळी ऐन तारुण्यात वैधव्य येते आणि पदरी लहान लेकरे असतात. अशा वाचकांसमोर कोणाचे चरित्र ठेवावे, याचा विचार करिता आम्हांस एलिझाबेथ सीटन या साध्वीचे नाव सुचले.

या बाई जन्माने कॅथॉलिक नव्हत्या. मठात वाढल्या नव्हत्या. पाच मुलांच्या त्या आई होत्या, आणि काळजी करण्याचा स्वभाव त्यांस जन्मतःच लाभला होता. हे शेवटचे आम्ही मुद्दाम लिहितो. संतांची चरित्रे लिहिणारे पुष्कळदा त्यांना बाळपणापासूनच निश्चिंत व प्रसन्न असे रंगवितात. त्यामुळे वाचणाऱ्यास असे वाटू लागते की, ज्याच्या मनात चिंता आहे त्याच्या श्रद्धेतच काही उणे असले पाहिजे. एलिझाबेथबाईंच्या चरित्रात असल्या समजुतीस कोठेच थारा मिळत नाही.

त्यांचा जन्म २८ ऑगस्ट १७७४ रोजी न्यूयॉर्क शहरी झाला. पिता डॉक्टर रिचर्ड बेली हे नामांकित शस्त्रवैद्य असून पुढे त्या बंदराचे आरोग्याधिकारी झाले. कुटुंब एपिस्कोपल, म्हणजे इंग्लंडच्या चर्चशी संबंध असलेल्या प्रोटेस्टंट पंथाचे होते. एलिझाबेथ तीन वर्षांचीही झाली नव्हती तोच तिची आई वारली. पुढच्या वर्षी धाकटी बहीण गेली. त्या दिवशी ही लहान मुलगी दाराच्या पायरीवर बसून ढगांकडे पाहत होती, आणि बहीण आईकडे स्वर्गात गेली याचे तिला रडू येण्याऐवजी आपणही जावे असेच वाटत होते, अशी आठवण त्यांनी पुढे लिहून ठेविली आहे. घरात सावत्र आई आली. परंतु तिची आणि या मुलीची मने जुळली नाहीत. वडील वैद्यकीच्या अभ्यासासाठी विलायतेस जात, आणि मुलीस काकांच्या घरी राहावे लागे. ज्या वयात मुलीस घराचा आधार हवा, त्या वयात हे घर की ते घर अशी तिची ओढाताण झाली.

या काळातील एक गोष्ट त्यांनी स्वतःच्या आठवणींत न लपविता नमूद केली आहे, म्हणून आम्हीही ती वगळीत नाही. तारुण्याच्या उंबरठ्यावर असताना एकदा मन इतके खिन्न झाले की अफूच्या अर्काची कुपी जवळ असता जीव देण्याचा विचार त्यांच्या मनात आला. ते कृत्य हातून घडले नाही, याबद्दल पुढे आयुष्यभर त्या देवाचे उपकार मानीत राहिल्या. संतपदास पोहोचलेल्या व्यक्तीच्या मनातही एके दिवशी इतका काळोख दाटला होता, हे ज्यांच्या घरात असे दुःख झाले आहे त्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे.

२५ जानेवारी १७९४ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांचा विवाह विल्यम मॅगी सीटन या तरुण व्यापाऱ्याशी झाला. सीटनांची पेढी मोठी होती. परदेशांशी जहाजांतून मालाची नेआण चाले. पहिली काही वर्षे सुखात गेली. ॲना मरिया, विल्यम, रिचर्ड, कॅथरिन व रिबेका अशी पाच अपत्ये १७९५ ते १८०२ या अवधीत झाली. सन १७९७ मध्ये शहरातील काही सुखवस्तू स्त्रियांनी लहान मुले असलेल्या गरीब विधवांच्या साहाय्यासाठी एक मंडळ काढले, त्यात एलिझाबेथबाई खजिनदार होत्या. ज्यांच्या घरी त्या पैसे आणि कपडे पोहोचवीत, त्यांच्याच स्थितीत सहा-सात वर्षांनी आपण असू, अशी शंकाही तेव्हा त्यांच्या मनास शिवली नसेल.

उतरती कळा १७९८ मध्ये सुरू झाली. सासरे वारले, आणि त्यांच्या मागे राहिलेल्या लहान दीर-नणंदांचा भार विल्यम व एलिझाबेथ यांजवर पडला. तेवीस वर्षांच्या सुनेच्या ओटीत एकदम दुसरा संसार येऊन पडला. त्याच सुमारास फ्रान्स व अमेरिका यांमध्ये समुद्रावर तंटा माजला होता. जहाजे पकडली जात, माल बुडे, हुंड्या परत येत. पेढीची स्थिती खालावत चालली. मुलांस निजवून ही बाई रात्री दिवा लावून नवऱ्याच्या पेढीची पत्रे लिहीत बसे, कारण विल्यम यांस आता धीर राहिला नव्हता आणि खोकल्याने त्यांचे शरीरही पोखरले होते. सीटनांच्या घराण्यात क्षय होता. सन १८०० संपते न संपते तोच पेढीचे दिवाळे निघाले. घरातील भांडीकुंडी, बिछाने, मुलांचे कपडे यांची यादी करून देण्याची पाळी आली.

पुढील वर्षी आणखी एक घाव बसला. डॉक्टर बेली स्टेटन बेटावरील क्वारंटीनच्या ठाण्यावर काम करीत. आयर्लंडहून आलेली उपाशी, तापाने फणफणलेली माणसे तेथे उतरविली जात. आईच्या अंगावर दूध नाही म्हणून तान्ही मुले तळमळत. एलिझाबेथबाईंची कॅथरिन तेव्हा अंगावर पीत होती. आपले दूध त्या परक्या लेकरांस पाजावे, अशी परवानगी त्यांनी वडिलांपाशी मागितली. वडिलांनी ती दिली नाही. त्याच रोग्यांची शुश्रूषा करीत असता डॉक्टरांस ज्वर झाला आणि १७ ऑगस्ट १८०१ रोजी ते वारले.

आता आम्ही त्या प्रसंगाकडे वळतो, जो आमच्या मते या चरित्राचा गाभा आहे.

विल्यम यांची प्रकृती फारच खालावली तेव्हा इटलीची उबदार हवा मानवेल, या आशेने प्रवासाचा बेत ठरला. लेगहॉर्न, ज्यास इटालियन लोक लिव्होर्नो म्हणतात, त्या बंदरात फिलिप्पो व आंतोनियो फिलिक्की या व्यापारी बंधूंशी सीटनांचा जुना स्नेह होता. ऑक्टोबर १८०३ च्या आरंभी एलिझाबेथबाई नवऱ्यास आणि आठ वर्षांच्या ॲनाला घेऊन जहाजात चढल्या. बाकीची चार मुले नातलगांकडे ठेविली. त्यांतील धाकटी रिबेका जेमतेम सव्वा वर्षाची होती. समुद्रावर सहा-सात आठवडे गेले. विल्यम यांस थोडे बरे वाटू लागले. नोव्हेंबरच्या मध्यास बंदर दिसले, आणि एलिझाबेथबाईंचा सावत्र भाऊ, जो फिलिक्कींच्या पेढीवर होता, तो भेटीस आला. बहिणीने पुढे होऊन त्यास कवटाळावे, तोच पहारेकऱ्याने त्यास मागे सारिले. न्यूयॉर्कमध्ये पीतज्वराची साथ असल्याची बातमी पोहोचली होती. जहाजावरील हा आजारी मनुष्य तापाचाच असावा, असा संशय घेऊन अधिकाऱ्यांनी तिघांस समुद्रकाठच्या लाझारेत्तोत, म्हणजे रोग्यांस वेगळे ठेवण्याच्या इमारतीत, पाठविले.

सन २०२० च्या साथीत आपणांपैकी पुष्कळांनी विलगीकरणाचे दिवस काढले आहेत. तेव्हा आपल्या घरी निदान गादी होती, वीज होती आणि दूरवरच्या माणसाचा आवाज कानी पडत होता. लाझारेत्तोतील खोलीस विटांची जमीन, उघड्या भिंती आणि उंचावर एक जाळीची खिडकी होती. समुद्राचा वारा आत शिरे; लाटांचा गडगडाट रात्रंदिवस चाले. क्षयाने रक्त ओकणारा रोगी पहिल्या रात्री भुईवरच निजला; पुढे फिलिक्की कुटुंबाने बिछाना व जेवण पाठविले. ही दया मोठीच होती, पण वेळ तर निघून चालली होती. सुमारे एक महिना हा कोंडवास चालला.

त्या दिवसांत एलिझाबेथबाईंनी काय केले? त्यांनी आपल्या नणंदेसाठी रोजनिशी लिहिली, म्हणून हे आपणांस कळते. सकाळी उठून त्या नवऱ्यास औषध देत. मग तिघे मिळून प्रार्थना म्हणत, शास्त्र वाचीत. थंडी असह्य झाली म्हणजे आई आणि मुलगी दोरीवरच्या उड्या मारून अंग तापवीत. हा तपशील आम्हांस फार मोलाचा वाटतो. नवरा मरणपंथास लागलेला, चार लेकरे समुद्रापलीकडे, हातात पैसा नाही, आणि ही बाई आठ वर्षांच्या पोरीबरोबर दोरीवर उड्या मारीत आहे! त्यांचे धैर्य मोठमोठ्या शब्दांत दिसत नाही. ते अशा ठिकाणी दिसते. रात्री सर्व निजल्यावर मात्र त्या गुडघ्यांवर बसून रडत. रोजनिशीत अश्रूही आहेत आणि देवाच्या सान्निध्याचा आनंदही आहे. एकाने दुसऱ्यास हाकून लाविलेले दिसत नाही.

१९ डिसेंबरास सुटका झाली. विल्यम यांस गाडीत घालून पीसा शहरी नेले. नाताळ गेला, आणि २७ डिसेंबर १८०३ रोजी सकाळी त्यांनी प्राण सोडला. लागट रोगाच्या धास्तीने माणसे दूर राहत होती. तेव्हा प्रेताची शेवटची सेवा बहुतेक पत्नीनेच केली. लेगहॉर्न येथील इंग्रजांच्या स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले. एलिझाबेथबाईंचे वय तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते.

फिलिक्की कुटुंबाने मायलेकींस आपल्या घरी आणिले. येथेच कॅथॉलिक धर्माची त्यांस जवळून ओळख झाली, आणि ती वादविवादाने नव्हे, तर पाहण्याने. त्या घरातील माणसे उपवास कसा पाळतात, सकाळी मिस्सास कशी जातात, दुःखात असलेल्या परक्या पंथाच्या पाहुणीशी किती हळुवारपणे वागतात, हे त्या पाहत होत्या. माँतेनेरो येथील पवित्र मरियेच्या देवळात एकदा असे झाले की, ख्रिस्तशरीर वर उचलण्याच्या क्षणी शेजारी असलेल्या एका इंग्रज प्रवाशाने त्यांच्या कानाशी लागून त्या श्रद्धेची थट्टा केली. त्यांच्या अंगावर काटा आला. समोर खरोखरीच प्रभू असेल तर, हा प्रश्न त्या दिवसापासून त्यांच्या मनातून हलला नाही. रस्त्याने रोग्याकडे पवित्र साक्रामेंत नेत असता खिडकीखालून मिरवणूक जाई. ती पाहून त्या घरात एकट्याच गुडघे टेकीत. ज्यांची आई बाळपणीच गेली, त्यांस पवित्र मरिया ही आई म्हणून मिळावी ही कल्पनाही फार गोड वाटली. त्या घरातील एका प्रार्थनापुस्तकात मरियेचे साहाय्य मागणारी प्रार्थना सापडली, ती त्यांनी मनोभावे म्हटली.

परतीचा बेत ठरला तोच ॲनाला लाल पुरळाचा ताप आला, आणि ती बरी होताच आईने अंथरूण धरिले. अखेरीस एप्रिल १८०४ मध्ये त्या निघाल्या, आणि दोन महिन्यांनी न्यूयॉर्कास पोहोचल्या. धक्क्यावर चारही मुले सुखरूप भेटली. परंतु ज्या नणंदेसाठी ती रोजनिशी लिहिली होती, ती रिबेका सीटन क्षयाने शेवटच्या घटका मोजीत होती. जुलैत तीही गेली.

यानंतरचे आठ महिने बाहेरून पाहता काहीच घडले नाही असे वाटेल. परंतु त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी घालमेल याच महिन्यांत झाली. त्यांचे उपदेशक हेनरी होबार्ट हे विद्वान व सज्जन गृहस्थ होते, आणि त्यांच्याविषयी एलिझाबेथबाईंस अतिशय आदर होता. त्यांनी रोमच्या धर्माविरुद्ध लांबलचक लेख लिहून दिले. दुसऱ्या बाजूने फिलिक्की बंधूंनी ग्रंथ पुरविले. दोन्ही वाचून डोके भणभणू लागे. सासरमाहेरची माणसे नाराज होतील आणि त्यांच्याकडून येणारी मदत आटेल, हे तर स्वच्छच दिसत होते. पाच मुलांच्या विधवेस ही गोष्ट लहान नव्हती. न्यूयॉर्कातील कॅथॉलिक म्हणजे तेव्हा बहुधा गरीब आयरिश मजूर. त्यांच्यात मिसळणे हे सीटनांच्या सुनेस शोभणारे नाही, असे लोक म्हणत. सेंट पॉलच्या प्रोटेस्टंट देवळात त्या अशा बाकावर बसू लागल्या की, तोंड जवळच्याच रस्त्यावरील कॅथॉलिक देवळाच्या दिशेस होई. शरीर येथे आणि प्रार्थना तेथील साक्रामेंताकडे! आमच्यातील कित्येकांस ही दोन दगडांवरची स्थिती परिचित असेल.

१८०५ सालच्या तीन राजांच्या सणाच्या सुमारास बूर्दालू या फ्रेंच धर्मोपदेशकाचे एक प्रवचन त्यांच्या वाचनात आले. तारा दिसेनासा झाल्यावर राजे स्वस्थ बसले नाहीत, जाणत्यांस विचारीत निघाले, हा त्यातील आशय त्यांच्या मनावर ठसला. पुढे राखेच्या बुधवारी त्या बार्कले रस्त्यावरील सेंट पीटर देवळात गेल्या. वेदीवर मेक्सिकोच्या एका चित्रकाराने काढिलेले क्रुसावरील प्रभूचे भव्य चित्र होते; ते पाहताच त्यांचे मन निवले. १४ मार्च १८०५ रोजी त्या कॅथॉलिक ख्रिस्तसभेत आल्या, आणि २५ मार्च रोजी, देवदूताच्या निरोपाच्या सणादिवशी, त्यांनी पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला.

येथे एखादा लेखक असे लिहील की, मग सर्व दुःखे मिटली. तसे काही झाले नाही. एका शाळेत शिकविण्याचे काम मिळाले, ती शाळा थोड्याच महिन्यांत बंद पडली. मग शाळकरी मुलांस जेवणखाण व राहण्याची सोय करून देण्याचा उद्योग त्यांनी आरंभिला. मुले दांडगी, उत्पन्न अपुरे. १८०६ मध्ये धाकटी नणंद सिसिलिया हिनेही कॅथॉलिक धर्म स्वीकारला, तेव्हा तर सासरची मंडळी अगदी खवळली आणि जुने स्नेही रस्ता बदलून जाऊ लागले. आंतोनियो फिलिक्की यांच्या नेमणुकीच्या पैशांवर संसाराचा गाडा कसाबसा चालत होता.

१८०८ साली फादर द्यूबूर यांच्या निमंत्रणावरून एलिझाबेथबाई बाल्टिमोर शहरी गेल्या, आणि तेथील सेमिनरीच्या शेजारी एका लहानशा घरात त्यांनी मुलींची शाळा काढिली. दोन्ही मुलांच्या शिक्षणाचीही सोय झाली. हळूहळू त्यांच्याभोवती समविचारी तरुण स्त्रिया जमल्या. २५ मार्च १८०९ रोजी बिशप जॉन कॅरल यांच्यासमोर त्यांनी एक वर्षापुरती व्रते घेतली, आणि तेव्हापासून लोक त्यांस मदर सीटन म्हणू लागले. सॅम्युएल कूपर नावाच्या एका नवकॅथॉलिक गृहस्थाने दिलेल्या द्रव्यातून मेरीलंडच्या डोंगराळ भागात एमिट्सबर्ग गावाजवळ जमीन घेतली होती. त्या उन्हाळ्यात ही मंडळी आच्छादित गाडीबरोबर बरीचशी वाट पायी चालत तेथे गेली. ३१ जुलै १८०९ हा त्यांच्या भगिनीमंडळाचा स्थापनादिन मानितात.

पहिले घर दगडी, चार खोल्यांचे, आणि राहणारी माणसे सोळा. थंडीत छपराच्या फटींतून बर्फ आत येई. कॉफी म्हणून भाजलेल्या गाजराचा काढा पीत. कपडे ओढ्यावर नेऊन धुवीत. पुढील फेब्रुवारीत मोठे घर तयार झाले आणि तेथे शाळा सुरू झाली. गावच्या गरीब मुलींस तीत फी न घेता शिकवीत. अमेरिकेतील कॅथॉलिक शाळांच्या इतिहासात या शाळेस मानाचे स्थान आहे.

या स्थापनेचा इतिहास लिहिणारे गाजराच्या कॉफीवर थांबतात. परंतु मदर सीटन यांस उपासमारीपेक्षा आज्ञापालन अधिक जड गेले. भगिनींनी आपल्या आवडत्या कबुलीगुरूंशी पत्रव्यवहार करू नये, असे द्यूबूर यांनी फर्माविले. मदरनी बिशपांकडे गाऱ्हाणे नेले. द्यूबूर यांनी दुखावून अधिकारपद सोडिले. मग मदरना पश्चात्ताप झाला. त्यांच्या जागी आलेले फादर डेव्हिड इतके कडक होते की, मदरना बदलून दुसरीस नेमावे असाही त्यांचा विचार होता. मदर सीटन यांनी बिशप कॅरल यांस लिहिलेल्या पत्रांत आपला हट्टी स्वभाव कबूल केला आहे, पण मन मारून गोड बोलण्याचे सोंग केलेले नाही.

दुसरा पेच मुलांविषयीचा. फ्रान्समधील संत व्हिन्सेंट दि पॉल यांच्या भगिनींची नियमावली येथे लागू करावी असे ठरले. तिकडून काही भगिनी येणारही होत्या, परंतु नेपोलियनच्या सरकारने त्यांस परवाने दिले नाहीत. त्या नियमांप्रमाणे पाच मुलांच्या आईस मठाची प्रमुख होणे अवघड होते. मदर सीटन यांनी निक्षून सांगितले की, आपले पहिले कर्तव्य मुलांप्रत आहे, आणि एक सोडण्याची वेळ आली तर आपण मठ सोडू, मुले नव्हे. अखेर नियमांत फेर करून ते १८१२ च्या आरंभी मंजूर झाले, आणि मदरना आपल्या मुलांचे पालकत्व राखता आले. बिशप कॅरल यांचा हा निर्णय आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो.

आता मृत्यूंची मालिका सुरू झाली. एमिट्सबर्गास भेटीस आलेली नणंद हॅरिएट कॅथॉलिक होऊन डिसेंबर १८०९ मध्ये वारली. चार महिन्यांनी सिसिलिया गेली. मग लाझारेत्तोतील ती दोरीवर उड्या मारणारी ॲना! सोळा वर्षांची होऊन ती क्षयाने खंगली. मरणापूर्वी तिने भगिनी म्हणून व्रते घेतली आणि १२ मार्च १८१२ रोजी ती देवाघरी गेली. आईची अवस्था या वेळी भ्रमिष्टासारखी झाली. जवळजवळ तीन महिने आपले भान सुटते की काय, अशी भीती त्यांस वाटत होती, असे त्यांनीच पुढे कळविले आहे. प्रार्थना चालू होती. पण तिच्यात गोडी नव्हती. त्या समयी फादर ब्रूते या फ्रेंच धर्मगुरूंचा त्यांस आधार मिळाला. ते उपदेशाची लांबण न लावता जवळ बसत, पुस्तके देत आणि पवित्र साक्रामेंताकडे बोट दाखवीत. पुढे ते इंडियाना प्रांतातील व्हिन्सेन्सचे पहिले बिशप झाले.

चार वर्षांनी धाकट्या रिबेकाची पाळी आली. बर्फावरून घसरून पडल्याने तिच्या कमरेस इजा झाली होती आणि तीच पुढे विकोपास गेली. निजता येईना, म्हणून आईने तिला आठवडेच्या आठवडे मांडीवर आणि हातांवर घेऊन बसावे. एका हाताने मुलीस धरून दुसऱ्याने मठाची पत्रे लिहावी. ३ नोव्हेंबर १८१६ रोजी, चौदाव्या वर्षी, रिबेका आईच्या कुशीत गेली. या मरणाच्या वेळी मदर सीटन पूर्वीसारख्या कोसळल्या नाहीत. दुःख कमी होते म्हणून नव्हे, तर दुःखाशी त्यांची ओळख झाली होती म्हणून, असे आम्हांस वाटते.

परंतु मेलेल्या मुलींपेक्षा जिवंत मुलांची चिंता त्यांस अधिक जाळीत असे. ॲना आणि रिबेका देवाजवळ आहेत, याविषयी त्यांच्या मनात संशय नव्हता. विल्यम आणि रिचर्ड कोठे भरकटतील, याची त्यांस झोप येत नसे. विल्यमला १८१५ साली लेगहॉर्नास फिलिक्कींच्या पेढीवर पाठविले. त्याचे मन व्यापारात लागले नाही, आणि पत्रे तर तो क्वचितच लिही. त्याला नाविक व्हायचे होते, आणि शेवटी तो अमेरिकन आरमारात शिरला. रिचर्डनेही भावाच्या पावलावर पाऊल ठेवून लेगहॉर्न गाठले, आणि त्याचाही तेथे निभाव लागला नाही. मदर सीटन यांची मुलांस लिहिलेली पत्रे वाचिली म्हणजे येथे एक संत लिहीत आहे याचा विसर पडतो. आपल्याच शेजारची एखादी आई बोटीवरच्या मुलास कळवळून विचारीत आहे असे वाटते: पत्र का नाही, प्रकृती कशी आहे, मिस्सास जातोस का. या काळजीवर त्यांनी कधी जय मिळविला असे दिसत नाही. मात्र पत्र लिहून झाले म्हणजे त्या उठत आणि शाळेत जात, रोगी भगिनींची चौकशी करीत, मुलींची भांडणे मिटवीत. १८१४ मध्ये त्यांनी आपल्या भगिनी फिलाडेल्फियाच्या अनाथाश्रमावर पाठविल्या. १८१७ मध्ये न्यूयॉर्कास, ज्या शहराने त्यांस पाठ दाखविली होती, तेथील अनाथांसाठी दुसरी तुकडी गेली.

सीटन घराण्याचा तो रोग आता त्यांस स्वतःसही जडला होता. ४ जानेवारी १८२१ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, एमिट्सबर्ग येथे त्यांचा अंत झाला. दोन्ही मुलगे जवळ नव्हते. कॅथरिन तेवढी बिछान्याशी रडत होती, आणि भगिनी भोवती प्रार्थना म्हणत होत्या. ख्रिस्तसभेची लेकरे होऊन राहा, एवढीच मदरची भगिनींस शेवटची विनवणी होती.

त्यांनी स्थापिलेल्या मंडळापैकी एमिट्सबर्गची शाखा १८५० साली फ्रान्समधील संत व्हिन्सेंट यांच्या भगिनींस जोडली गेली. इतर शाखांतून स्वतंत्र संस्था निघाल्या, आणि शाळा, इस्पितळे व अनाथालये यांचे जाळे पसरले. पापा तेविसावे जॉन यांनी १९६३ मध्ये त्यांस धन्य म्हणून घोषित केले, आणि १४ सप्टेंबर १९७५ रोजी पापा सहावे पॉल यांनी संतपदवी दिली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जन्मलेल्या व्यक्तींमध्ये हा मान प्रथम त्यांसच मिळाला. त्यांचा सण ४ जानेवारीस येतो.

वाचक विचारतील, त्या मुलांचे पुढे काय झाले? रिचर्ड आईच्या मागे अडीच वर्षेही जगला नाही. आफ्रिकेच्या किनाऱ्यानजीक, एका तापकऱ्याची शुश्रूषा केल्यानंतर, जहाजावरच तो मरण पावला. ज्या विल्यमसाठी इतक्या रात्री जागून काढिल्या, त्याने आरमाराची नोकरी पुरी करून संसार थाटला. त्याचा एक मुलगा रॉबर्ट धर्मगुरू झाला आणि पुढे आर्चबिशपपदास चढला. आजीस हे पाहावयास मिळाले नाही. कॅथरिन न्यूयॉर्कास मर्सी भगिनींच्या मठात गेली, आणि तेथील तुरुंगांतून कैद्यांच्या भेटी घेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करीत ती म्हातारी झाली. १८९१ साली, नव्वद वर्षे पुरी करून, पाच भावंडांतील ती शेवटची निवर्तली.